फांगबाईंचे चुकलेले हात

हातमोजा पहिल्यांदा पाहिला तेव्हा फांगबाईंनी नाक मुरडलं.

"हा मी हातात घालायचा, की ह्याने माझा हात गिळायचा?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो चिमटीत धरून मेलेल्या पालीसारखा टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

शलाका वाघमोडेला हसू आलं, पण तिने ते गिळलं. सुझौच्या ह्या ग्रंथालयात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. पण जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीच्या खोलीत फांगबाईंपुढे हसायची कोणाची छाती नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं होतं. सगळे त्यांना 'फांग लाओशी' म्हणत. लाओशी म्हणजे शिक्षक. शलाकाही तोंडाने तसंच म्हणे. पण इचलकरंजीच्या मराठी शाळेत शिकलेल्या ह्या मुलीच्या डोक्यात त्या पहिल्या दिवसापासून 'बाई'च झाल्या होत्या. तोच करडा आवाज, चष्म्यावरून बघायची तीच तऱ्हा.

हातमोजा म्हणायचा खरा, पण होता कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. पुण्याच्या प्रयोगशाळेत शलाका आणि तिच्या सोबत्यांनी त्याच्यापायी कित्येक वर्षं घालवली होती. बोटांच्या पेरापेरांवर दाब, घसरण, ओल, ऊब आणि बारीकसा कंपही मोजणारे संवेदक. त्यांच्यावर कृत्रिम स्नायूंचे केसाएवढे धागे, विजेचा हलका प्रवाह गेला की आखडणारे. कसबी माणसाने मोजा घातला की तो त्याचा हात वाचायचा. नवख्याने घातला की तो त्याच्या बोटांना हलकी ओढ द्यायचा, अडवायचा, थांबवायचा. आणि शिकवतानाही त्याचं वाचन चालूच राहायचं. पहिलीत पाटीवर अक्षर काढताना बाई मागून येऊन आपली मूठ धरायच्या आणि गिरवून घ्यायच्या, तसला हा प्रकार. म्हणून शलाकाच्या गटात सगळे त्याला 'गिरवणी' म्हणत.

नुसती हालचाल टिपून ती जशीच्या तशी परत करायची असती, तर काम सोपं होतं. पण कागद दर वेळी वेगळा असतो, हवा वेगळी असते. म्हणून गिरवणी हालचाल लक्षात ठेवत नसे, नातं लक्षात ठेवी: बोटांना अमुक जाणवलं, तेव्हा हाताने तमुक केलं. अशी लाखो नाती तिच्यात साठत जायची. नवा कागद पुढे आला की ती त्यातला सगळ्यांत जवळचा अनुभव शोधायची आणि त्याप्रमाणे बोटं वळवायची. तसा अनुभवच साठ्यात नसला तर काय, ह्या प्रश्नावर शलाकाच्या अहवालात एकच ओळ होती. पुरेशी माहिती गोळा केली जाईल, असं तीत म्हटलं होतं.

फांगबाईंचा हात टिपून घ्यायची घाई होती, आणि घाईला कारणही तसंच होतं. बाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की काही तास तो गुण्यागोविंदाने वागे. ही थरथर वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

जुनं चिनी पुस्तक आपल्या पुस्तकासारखं नसतं. कागद एकाच बाजूला छापतात, मधोमध दुमडतात आणि दुमड बाहेरच्या कडेला ठेवून सुट्या कडा कण्याकडे घेतात. प्रत्येक पान म्हणजे आतून कोरी अशी एक चपटी पिशवीच. मग टोच्याने भोकं पाडून त्यांतून कागदाचेच पीळ घालतात आणि वरून रेशमी दोऱ्याने शिवतात. दोरा झिजून तुटला तरी आतले पीळ पुस्तक धरून ठेवतात. दुरुस्तीला लागते ती गव्हाच्या चिकाची खळ, आणि तीही ताकासारखी पातळ. आपण जोडलेलं पुढच्या पिढीला ओल्या बोटाने सोडवता आलं पाहिजे, असा त्या खोलीतला दंडक होता. शलाकाच्या घरी मागावरच्या सुताला खळ लावत, त्यामुळे त्या वासाने तिला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं होतं.

ही शिवण, ही दुरुस्ती खोलीतल्या पाच-सहा जणांना येत होती. एकच गोष्ट फक्त बाईंना येत होती. भिजून, बुरशी धरून, वाळून ज्या पुस्तकाची सगळी पानं एकमेकांना चिकटतात, त्याला तिथे 'वीट' म्हणत. वीटच ती, ठोकली तर तसाच आवाज येई. तिला वाफ द्यायची, बांबूची पातळ पट्टी पानांमध्ये सरकवायची आणि एकेक पान सोडवायचं. कधी रेटायचं, कधी थांबायचं, हे सांगता येत नाही, असं बाई म्हणत. म्हणूनच तर शलाका मोजा घेऊन आली होती.

अखेर बाईंनी मोजा घातला. आरशात नवी साडी बघावी तसा त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"घट्ट होत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही तारीफच होती.

शरद ऋतू होता. ग्रंथालयाच्या अंगणात बारीक पिवळी फुलं फुलली होती आणि सगळी खोली त्यांच्या वासाने भरून जायची. बाई रोज सकाळी गोळी घेऊन यायच्या आणि सरावाच्या विटांवर काम करायच्या. त्यांचा हात चालताना बघणं हे सुखच होतं. पान असं सुटून यायचं, जणू त्याला स्वतःलाच यायचं होतं. पण एखाद्या दिवशी गोळी गुण देत नसे. पट्टी अडखळे, कागद फाटे. अशा वेळी बाई मोजा ओरबाडून काढत.

"श्याओ शा, आजचं पुसून टाक." श्याओ म्हणजे छोटी. शलाका हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं.

"हो, लाओशी."

आणि शलाका पुसून टाकी. मनापासून टाकी. तिच्याही धंद्यात हीच रीत होती: खराब नोंद चांगल्या नोंदीला नासवते, तेव्हा ती आधी काढायची. बाईंना अब्रू राखायची होती, शलाकाला साठा स्वच्छ हवा होता. दोघींचं छान जमलं.

झाडांची पानं पिवळी पडायच्या दिवसांत एक खरी वीट आली. कालव्याकाठच्या एका जुन्या गावात रेशीम विणणाऱ्यांचा संघ होता; त्यांच्या मागावरच्या नक्ष्यांचं हे पुस्तक. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. गावातल्या काही पोरींना तो माग पुन्हा चालू करायचा होता आणि त्या ह्या पुस्तकाकडे डोळे लावून बसल्या होत्या. क्ष-किरणांनी बंद पुस्तकही वाचता येतं हे खरं, पण इथली शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, आणि कागदातही कार्बन भरपूर. किरणांना दोन्ही सारखेच. चित्रात नुसतं धुकं दिसलं. पानं सोडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि एवढी मोठी वीट पुरी करण्याइतका बाईंचा हात आता टिकणार नव्हता.

मोजा घालायचा होता तानसरांनी. तान मिंग हे विभागाचे प्रमुख, पंचेचाळिशीचे, आणि बाईंचे सगळ्यांत पहिले शिष्य. ते बाईंना अजून 'शिफू' म्हणत, म्हणजे उस्ताद. शिवणकामात त्यांचा हात बाईंच्याही पुढे होता, असं लोक हळू आवाजात सांगत. पण विटेला मात्र ते कधी हात लावत नसत. ह्या वेळीही त्यांनी आढेवेढे घेतले.

"मोजा तुमचा हात धरील, सर," शलाका म्हणाली. "तुम्ही फक्त त्याला अडवू नका."

पहिली पानं झकास सुटली. तानसरांच्या बोटांत बाईंची ऐट आली. शलाका संगणकाच्या पडद्याकडे बघून मनातल्या मनात अहवाल लिहायला लागली. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. त्यांच्याही चेहऱ्यावर थोडं तेज होतं.

मग एका पानावर पट्टी अडली. बुरशीने तिथे दोन कागदांचा एक करून टाकला होता. तानसरांचा हात बिचकला. गिरवणीने आपल्या साठ्यात शोधलं, आणि सापडला तो सगळ्यांत जवळचा अनुभव असा, की पान सुटतंच आहे, पुढे चला. तिने अंगठा पुढे ढकलला.

आवाज फार मोठा झाला नाही. पानाचा तळहाताएवढा तुकडा खालच्या पानाला चिकटून राहिला.

तानसरांनी मोजा उतरवला आणि नीट घडी करून टेबलावर ठेवला. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

"तुझ्या यंत्राला माझा हात येत नाही," बाई शलाकाला म्हणाल्या. त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, ते तिला कळेना.

संध्याकाळी शलाकाने त्या क्षणाची नोंद उलगडून पाहिली. आपल्या सांगण्याची खात्री किती, हेही गिरवणी आकड्यात मांडत असे. पट्टी अडली त्या घडीला तो आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. यंत्राला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्याच्या साठ्यात फांगबाई कधी चुकल्याच नव्हत्या. त्यांची पट्टी कधी अडली नव्हती, अडल्यावर मागे आली नव्हती, मागे येऊन दुसऱ्या कोपऱ्याकडून गेली नव्हती. ते सगळं शलाकाने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. आणि पुसलेलं कायमचं जाईल, असा बाईंना शब्दही दिला होता. तिला फार शरम वाटली.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं, तोंड का असं पडलंय? जेवलीस का न्हाई?"

शलाकाने थोडक्यात सांगितलं. म्हातारी कसबी आहे, पण चुकलेलं कोणाला दिसू देत नाही म्हणाली.

"मग त्यात काय गं नवल," आई म्हणाली. "तुझी वहिनी नवी आली तवा मी पुरणपोळी शिकवाया बसवलं तिला. माझी एखादी पोळी तव्यावर फुटली की, ती बघायच्या आत मीच खाऊन टाकायची. सुनेसमोर कोण फुटकी पोळी ठेवतंय?"

"मग वहिनीला येते का आता पुरणपोळी?"

"कुठली येतीया! एक फुटली की डोळ्यांत पाणी आणून गॅस बंद करती. मला वाटतं, तिच्या हातालाच गुण न्हाई."

शलाका हसत सुटली. आईला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही आणि तिने फोन सुनेकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शलाका बाईंच्या घरी गेली. कालव्याच्या कडेला, दाराशीच बसून बाई ओले मखाणे सोलत होत्या. आपल्याकडे मिळतात ते लाह्यांसारखे फुगवलेले. सुझौला ह्या दिवसांत तळ्यातून काढलेले ताजे, मोत्याएवढे दाणे विकायला येतात. अंगठ्यावर पितळेची नखी चढवून ते सोलायचे. बाईंचा हात थरथरत होता आणि दर चार दाण्यांतला एक उडून कालव्यात पडत होता. शलाकाला बघून त्यांनी सूप मांडीआड ओढलं.

"लाओशी, यंत्र चुकलं नाही," शलाकाने बसता बसता सांगून टाकलं. "मी चुकले. तुमचे वाईट दिवस मी पुसायला नको होते. ते मला परत हवेत."

"पुसलेलं येतं का परत?"

"नाही. तुम्हाला ते पुन्हा द्यावे लागतील. गोळी न घेता."

बाईंनी पितळी नखी काढून ठेवली. "म्हणजे मी मेल्यावर लोक माझी थरथर हातात घालून फिरणार. पन्नास वर्षं ह्या हाताने मी मान मिळवला, आणि आता हे माझं स्मारक."

"थरथर शिकवायची नाहीये कोणाला. थरथरल्यावर तुम्ही काय करता, ते शिकवायचंय. पान अडलं की तुम्ही परत कशा येता, हे आज जगात कोणालाच माहीत नाही."

"चहा घे," बाई म्हणाल्या. समोरून एक नाव गेली. मग त्या कालव्याकडे बघत म्हणाल्या, "मिंगसमोर नाही."

"तानसरांसमोर का नाही?"

"तो माझ्याकडे आला तेव्हा विशीतला होता. काय हात होता पोराचा! एकदा विटेवर बसवलं आणि त्याच्या हातून पान गेलं. मी सगळ्यांदेखत बोलले. म्हणाले, इतकी वर्षं मी ह्या खोलीत बसतेय, माझ्या हातून एकही पान फाटलेलं नाही. त्यानंतर वीट आली की तो रजा काढायचा. मला वाटलं, पोरगा हिमतीचा कच्चा. मग मी दुसऱ्या कोणाला शिकवायच्या भानगडीत पडलेच नाही."

"तुमच्या हातून खरंच कधी फाटलं नव्हतं?"

"त्याच आठवड्यात दोन पानं गेली होती," फांगबाई म्हणाल्या. "सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती जोडून टाकली. जोडते मी चांगलं. कोणाच्या बापाला कळलं नाही."

शलाकाने सूप पुढे ओढलं आणि मखाणे सोलायला घेतले. तिलाही ते जमेनात. बाईंनी तिला दोन शब्द सुनावले आणि घरी पाठवून दिलं.

पुढचे काही दिवस बाई ग्रंथालयात फिरकल्याच नाहीत. तानसर वीट ओल्या कापडात गुंडाळून थंड कपाटात ठेवून बसले होते आणि शलाकाशी कामापुरतंच बोलत होते. पुण्याहून विचारणा होऊ लागली. तिने सामान आवरायचं मनात आणलं होतं.

आणि एके सकाळी बाई दारात उभ्या राहिल्या. उजवा हात डाव्या हातात धरला होता, तरी तो थांबत नव्हता.

"आज गोळी घेतलेली नाही. मोजा आण. आणि मिंगला बोलाव. नाही नाही, दाराशी नको. इथे, माझ्या शेजारी."

सरावाची वीट पुढे होती. बाईंनी पट्टी सरकवली. ती थरथरली, तिरपी गेली, पान जरासं फाटलं. खोलीत सगळे माना खाली घालून आपापलं काम करत असल्याचं सोंग आणत होते. बाई थांबल्या. त्यांनी पट्टी सोडली नाही, मागेही ओढली नाही. बोटांची पकड तेवढी सैल केली. ओला कुंचला टेकवला. वाट पाहिली. मग समोरच्या कोपऱ्याकडून, अर्ध्या वाटेवर भेटायला यावं तशा त्या आल्या. पान निघालं; कडेला नखाएवढं फाटून, पण निघालं.

"मिंग," मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझं पान फाटलं त्या आठवड्यात माझी दोन फाटली होती. मी खोटं बोलले होते."

तानसरांच्या मानेवर लाली चढत गेली.

"मी वीस वर्षं स्वतःला भित्रा म्हणत आलोय, शिफू."

"माहितीये. चूक माझी होती. भित्री मीच होते."

ते खोलीबाहेर गेले आणि दिवसभर परतले नाहीत. बाईंनी मोजा काढला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच पानं सोडवली, त्यांतली तीन बिघडवली, आणि घरी जाताना त्यांचे डोळे सुजलेले होते. सगळं वाया गेलं असं शलाकाला वाटलं. पण दुसऱ्या सकाळी ती पोहोचली तेव्हा तानसर आधीच आलेले होते. त्यांनी आपलं स्टूल बाईंच्या उजव्या हाताशी, अगदी कोपराला कोपर लागेल असं मांडलं होतं. बाई आल्या, बसल्या. पट्टी अडखळली तसे तानसर पुढे वाकले.

"इथे तुम्ही परत कशा फिरलात, ते पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

मग मात्र बाईंना चुकायची चटकच लागली. आज घाईतला हात घे, आज रागावलेला घे, आज मी मुद्दाम जास्त वाफ देते, असं त्या रोज नवं काढायला लागल्या. मुद्दाम केलेल्या चुका गिरवणीच्या उपयोगाच्या नव्हत्या, हे शलाकाला लवकरच दिसलं; चुकणार हे हाताला आधीच ठाऊक असायचं आणि तो आधीच सावरायला सुरुवात करायचा. तिने तसं सांगितल्यावर बाई रुसल्या. पण बिनगोळीच्या सकाळी जे घडायचं, ते अस्सल होतं. थरथर कुठे संपते आणि हाताचा हेतू कुठे सुरू होतो, हेसुद्धा गिरवणीला हळूहळू वेगळं ओळखता येऊ लागलं. शलाकाने ह्या साठ्यातला एक कणही पुसला नाही.

थंडी सुरू झाल्यावर वीट कपाटातून बाहेर निघाली. तानसरांनी मोजा चढवला. ज्या पानावर मागे घात झाला होता, त्याच्याच पुढच्या पानावर पट्टी पुन्हा अडली. शलाकाने पडद्याकडे पाहिलं. खात्रीचा आकडा खाली आला, पण शून्यावर गेला नाही. अंगठ्यावरची ओढ सैल पडली. तानसर थांबले, कुंचला टेकवला, वाट पाहिली आणि समोरच्या कोपऱ्याकडून आले. पान सुटलं. त्यावर वेलीची नक्षी होती, चौकोनाचौकोनांत मोजून मांडलेली, मागावर चढवायला तयार. शलाकाला तिच्यातले उभे-आडवे धागे लगेच वाचता आले आणि तिने आनंदाने टाळीच वाजवली. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिचे हात तिथेच थबकले.

काम आठवडेच्या आठवडे चाललं. पानं फाटलीही. फाटलेलं पान तानसर पातळ खळीने जोडत आणि पुढच्याला हात घालत. सुटलेल्या पानाची आधी प्रतिमा घ्यायची आणि ती लगेच त्या गावच्या पोरींना धाडायची. मग दुमडीच्या आत पांढऱ्या कागदाचं अस्तर सरकवून पान दाबाखाली ठेवायचं. कागदाचे पीळ वळायला खोलीतले सगळेच बसत. दोन नवे शिकाऊ मोजा घालून सरावाच्या विटांवर रडतखडत का होईना, पण हात बसवू लागले होते.

बाईंच्या गोळीचा गुण मात्र दिवसेंदिवस कमी होत गेला. आता त्या हात बाह्यांत खुपसून बसत आणि तोंडाने तेवढं बोलत. शेवटी त्यांनी बोलणंही कमी केलं. आपण ह्या खोलीत पाहुण्या झालो, असं एकदा त्या शलाकाला म्हणाल्या. तिला फार वाईट वाटलं.

विटेत शेवटची काही पानं राहिली होती. तानसरांनी एक पान सोडवून टिपकागदावर ठेवलं, मोजा उतरवला आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. तिथे मोठ्या माणसाला चहा असाच देतात.

"उरलेली तुम्ही काढा, शिफू."

"चेष्टा करतोस?" बाई म्हणाल्या. "ह्या हाताला आता भाताची वाटी धरवत नाही. आणि माझाच जुना हात माझ्या हातावर चढवून काय करू?"

"तो आता तुमचा राहिलेला नाही," शलाका म्हणाली. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला, मग त्या असल्या आलेखांकडे ढुंकून बघत नाहीत हे आठवून पुन्हा फिरवला. "म्हणजे, तुमचा एकटीचा नाही. तानसर हे काम करत होते तेव्हाही मोजा वाचतच होता, लाओशी. ह्या विटेच्या पानांपुरता तर त्यात त्यांचाच हात जास्त आहे."

बाईंनी तानसरांकडे पाहिलं. मग त्यांनी बाहीतून हात काढला. शलाकाने आणि तानसरांनी मिळून तो मोजा त्यांच्या बोटांवर चढवला. त्याला वेळ लागला, कारण बोटं एका जागी ठरत नव्हती.

पट्टी पानांत शिरली. हात थरथरला. गिरवणीला ही थरथर पुरती ओळखीची होती. तिने ती अंगावर घेतली आणि हेतू तेवढा पुढे जाऊ दिला. बाईंच्या खांद्यातला ताण उतरलेला शलाकाला दिसला. पट्टी सरकत गेली, अडली, थांबली. बाई थांबल्या नव्हत्या. मोज्याने त्यांना थांबवलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मनगट सैल सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात दुसरं कोणीतरी धरून चालवत होतं.

"तुझा अंगठा माझ्यापेक्षा हलका आहे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, शिफू."

पान सुटून वर आलं, एकही कड न दुखावता. बाईंनी ते टिपकागदावर अलगद निजवलं. मोजा घालूनच त्यांनी चष्मा नीट केला, डाव्या हाताने तानसरांना ओढून आपल्या शेजारी बसवलं आणि पट्टी पुढच्या पानाला लावली.